भाजल्याची वेळ

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर रुग्णाचे नाव, वय, गाव, आणणाऱ्याचे नाव आणि दाखल झाल्याची वेळ यांसाठी रकाने होते. रुग्ण नेमका कधी भाजला, हे लिहायला मात्र जागा नव्हती. ही उणीव माझ्या ध्यानात यायला तिथे अधिपरिचारिका म्हणून रुजू झाल्यावर दीड वर्ष लागले. ते दीड वर्ष मला अजूनही टोचते, कारण त्याआधी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या जळीत कक्षात मी चार वर्षे काढली होती आणि तिथे खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या प्रत्येक तक्त्यावर सर्वांत वर हीच वेळ लिहिलेली असे. रोज लिहिलेली दिसल्यामुळेच, ती कुणीतरी विचारून लिहावी लागते, याचा मला विसर पडला असावा.

कोल्हापूर जिल्ह्यातला आमचा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा. हंगाम सुरू झाला की भाजलेले रुग्ण वाढतात, आणि थंडी पडली की त्यांत लहान मुलांची भर पडते. डिसेंबरातल्या एका सकाळी दीड-दोन वर्षांच्या मुलाला त्याची आजी आणि आई घेऊन आल्या. अंघोळीसाठी बादलीत कढत पाणी काढले होते. विसण घालायला आई कळशी आणण्यासाठी वळली तेवढ्यात मुलाने बादलीचा काठ धरून ओढला. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि मांडीचा काही भाग भाजला होता, आणि त्या सगळ्यावर टूथपेस्टचा जाड थर वाळून पांढरा कडक झाला होता. शेजारच्या दुकानातून दोन नव्या नळ्या आणून त्या पूर्ण रिकाम्या केल्या होत्या. नंतर गाडी मिळेपर्यंत वेळ गेला, रस्त्यात वेळ गेला, आणि आमच्याकडे पोहोचेपर्यंत पावणेदोन तास उलटले होते, हे मला पुढे आजीशी बोलताना कळले. त्या क्षणी मी ते विचारलेही नव्हते.

वैद्यकीय अधिकारी म्हणाले, “सिस्टर, आधी हे काढा, मग बघू किती खोल आहे.” जखम किती खोल आहे हे डोळ्यांना दिसावे लागते: ती लालगुलाबी आणि ओलसर आहे का, बोटाने हलके दाबून सोडल्यावर लाली परत येते का, की ती पांढरट, कोरडी आणि स्पर्शाला मुकी झाली आहे. टूथपेस्टखाली यांतले काहीच दिसत नव्हते. मी सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने तो थर थोडाथोडा सोडवत गेले. वेदनाशामक औषध दिलेले असूनही मूल ओरडत राहिले, आणि थराबरोबर काही ठिकाणी फोडांची कातडीही निघून आली. या कामाला जवळपास पाऊण तास लागला. नंतर आमच्या नेहमीच्या पद्धतीने सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम लावून पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि मुलाला दाखल करून घेतले.

रात्री ड्यूटी संपवून खोलीवर आले तेव्हा एक गोष्ट एकाएकी मनात आली आणि झोप उडाली. ड्रेसिंगच्या खोलीत टेबलापासून चार पावलांवर नळ होता. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडले, तर कातडीच्या आत साठून राहिलेली उष्णता उतरते आणि जखम खोल जाण्याचे प्रमाण कमी होते. हे भाजल्यापासून तीन तासांच्या आत केले तरी उपयोगी पडते. मुंबईत मी हे शिकले होते. मूल माझ्या हातात आले तेव्हा सव्वा तास शिल्लक होता. तो सव्वा तास वापरायचा सोडून मी टूथपेस्ट खरवडत बसले होते, आणि तेही सुक्या टेबलावर.

त्या मुलाची मांडी आणि छाती तीन आठवड्यांत भरून आली. कोपरापाशी मात्र जखम रेंगाळली, व्रण जाड झाला आणि हात पूर्ण सरळ होईना, म्हणून पुढे त्याला प्लास्टिक सर्जनकडे पाठवावे लागले. पाणी ओतले असते तर हे टळले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एका मुलाच्या बाबतीत तसे कुणालाच सांगता येणार नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये सुमारे अडीच हजार भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली जे प्रसिद्ध झाले, त्यात पुरेसे पाणी मिळालेल्या मुलांमध्ये त्वचारोपण करावे लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली होती. हा आकडा वाचल्यावर नळाचे ते चार पावलांचे अंतर मला विसरता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि येणाऱ्या प्रत्येक भाजलेल्या रुग्णाबाबत तीन गोष्टी लिहू लागले: कशाने भाजले, घरी काय लावले, आणि किती वाजता भाजले. ही वही फक्त माझ्यासाठी होती. सुरुवातीला मी विचारत असे, “हे कशाला लावलंत?” आणि उत्तर येई, “न्हाई बाई, काय लावलं न्हाई.” जखमेवर हळद स्पष्ट दिसत असतानाही असेच उत्तर येई. माझ्या प्रश्नातच ओरडा होता, हे कळायला आठवडा गेला. मग मी विचारू लागले, “भाजल्यापासून इथं येईपर्यंत काय काय केलंत, ते मला पहिल्यापासून सांगा.” या प्रश्नाने माणसे बोलती झाली. टूथपेस्ट सर्वांत जास्त, त्याखालोखाल खोबरेल किंवा तूप; निळी शाई, हळद, कोरफड, किसलेला बटाटा, अंड्याचा पांढरा बलक, आणि एका शेतमजुराच्या पायावर तर बांधावरची ओली माती. यांतल्या बहुतेक गोष्टी लावताना गार वाटतात. टूथपेस्टमधल्या पुदिन्याच्या अर्कासारख्या घटकांनी कातडीला गारवा जाणवतो, पण जाणवणारा गारवा म्हणजे उतरलेली उष्णता नव्हे. उलट तुपातेलाचा थर उष्णता आतच कोंडून ठेवतो आणि मातीबरोबर जंतू आत जातात. काही केले नाही तर आपण हातावर हात ठेवून बसलो, ही भावना माणसाला सहन होत नाही, हेही मला त्या वहीतून उमगले. एका आजींनी सरळ सांगितले, “पोरगं तळमळतंय आन् आपुन निस्तं बघत बसायचं व्हय? काय तरी लावाय पायजेच की.” त्यांना “काही लावू नका” असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे होते. हातात काहीतरी करण्यासारखे दिले पाहिजे होते, आणि ते म्हणजे पाणी.

त्या वहीची पाने चाळताना सरांनी, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, जो प्रश्न विचारला, त्याने आमच्या कामाला वळण दिले. ते म्हणाले, “लोकांचं ठीक आहे, पण आपण जे पांढरं मलम सरसकट लावतो, ते तरी आपण कधी तपासून पाहिलंय का?”

सिल्व्हर सल्फाडायझिन हे चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ साली भाजलेल्या जखमांसाठी पुढे आणलेले औषध. मोठ्या आणि खोल जखमांमधल्या जंतुसंसर्गाने रुग्ण हमखास दगावत असत अशा काळात या मलमाने खूप मोठे काम केले, आणि आजही त्याला जागा आहे. परंतु आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जखमा लहान आणि वरवरच्या होत्या; त्यांवर हे मलम लावले की एक-दोन दिवसांत औषध आणि जखमेतला स्राव मिळून पिवळसर-राखाडी साय धरते. ती साय पाहून जखम चिघळली आहे की बरी होत आहे, हे नव्या सिस्टरला ओळखता येत नाही. मलम रोज बदलावे लागते, रोज ती साय पुसावी लागते, आणि प्रत्येक पुसण्यात नुकतीच धरू लागलेली कोवळी त्वचाही दुखावते. सर्व अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्यांतही या मलमाखालच्या वरवरच्या जखमा आधुनिक आवरणांच्या तुलनेत उशिरा भरतात, असेच चित्र दिसते. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना, दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना आणि दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रियांना तर ते लावूच नये. हे सगळे वाचल्यावर मला टूथपेस्टचा तो थर आठवला. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचा असला तरी आम्ही त्याच्या जखमेवर हे मलम थापून पाठवत होतो, आणि तिथल्या सिस्टरला ते खरवडायला लावत होतो. मुंबईत असताना बाहेरून असे रुग्ण आले की मीच चिडत असे.

आम्ही ठरवले की लहान आणि वरवरच्या जखमांसाठी पॅराफिनची जाळी (पॅराफिनमध्ये भिजवलेले, जखमेला न चिकटणारे जाळीदार कापड) आणि वर जाड गॉजची पट्टी वापरून पाहायची. ती पट्टी दोन-तीन दिवस उघडायची नाही. मलमाच्या जखमा आणि जाळीच्या जखमा यांच्या नोंदी मी वहीत शेजारी शेजारी ठेवू लागले: पट्टी किती वेळा बदलली, पट्टी बदलताना किती दुखले, जखम कितव्या दिवशी कोरडी झाली. दुखण्याचे माप घेण्यासाठी हसऱ्यापासून रडवेल्यापर्यंत चेहरे असलेली पट्टी मी भिंतीला चिकटवली. मुले त्यातल्या चेहऱ्यावर बोट ठेवीत. दोन महिन्यांत जाळीचे पारडे इतके जड दिसू लागले की मी ती वही घेऊन जवळजवळ धावतच सरांच्या खोलीत गेले.

सरांनी पाने उलटली आणि विचारले, “जाळी कुणाला लावायची, हे कोण ठरवत होतं?” मीच ठरवत होते. मग त्यांनी मला एकेक नोंद पुन्हा वाचायला सांगितली, आणि वाचता वाचता माझ्याच लक्षात आले की जखम जरा अधिक लाल, अधिक ओली किंवा मळलेली दिसली की माझा हात आपोआप मलमाकडे जात होता; जाळीच्या वाट्याला आधीच सौम्य जखमा येत होत्या. म्हणजे जाळी जिंकत होती ती निम्म्याहून अधिक माझ्या निवडीमुळे. मला फार वाईट वाटले, कारण मी मुद्दाम काही केले नव्हते, आणि तरीही ती वही खोटे बोलत होती. मी सुचवले की सम आकड्याच्या केसपेपरला जाळी आणि विषम आकड्याला मलम, असे करू. सरांनी त्याला ठाम नकार दिला. असे वाटप करून तुलना करायची, तर ती वैद्यकीय चाचणी होते; तिच्यासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, रुग्णाची लेखी संमती लागते, नोंदणी लागते, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत आपल्या मनाने ते सुरू करता येत नाही. तेव्हा आमच्या वहीवरून “काय चांगले” हे सिद्ध करण्याचा नाद आम्ही सोडला. ते काम इतरांनी रीतसर केलेले आहे. ते वाचून आपली पद्धत ठरवायची, आणि वहीचा उपयोग आपण ठरवले तसे खरोखर वागतो की नाही, एवढेच पाहण्यासाठी करायचा, असे ठरले. माझ्या मते त्या वर्षातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता.

त्याच सुमारास एक निवृत्त शिक्षक आपल्या सुनेच्या भाजलेल्या हाताला मध लावून आले. त्यांच्या खिशात वर्तमानपत्राचे जुने कात्रण होते, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता: “सोलापूरच्या डॉक्टरांनी हे सिद्ध केलंय, आणि तुम्हीच आम्हाला घरगुती उपाय करू नका म्हणता.” सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, हे खरे आहे. त्यात मध लावलेल्या ५२ रुग्णांपैकी ९१ टक्के जणांच्या जखमा सात दिवसांत जंतुविरहित झाल्या होत्या आणि सिल्व्हर सल्फाडायझिन लावलेल्यांमध्ये हेच प्रमाण ७ टक्के होते. इतका प्रचंड फरक वाचला की मन आनंदते, आणि नेमके तेव्हाच थांबून विचारावे लागते की दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातांनीही असेच दिसते का. कॉक्रेनच्या आढाव्यानेही मधाने वरवरच्या भाजलेल्या जखमा लवकर भरताना दिसतात असे म्हटले, पण ही माहिती मुख्यत्वे एकाच केंद्रातली आहे, याकडे लक्ष वेधले. शिवाय सुनेच्या हातावरचा मध किराणा दुकानातल्या बाटलीतला होता, आणि तो भाजल्याबरोबर, हात गार करण्याच्या आधीच लावला होता.

मी गुरुजींना हे सगळे सावकाश सांगितले, आणि मुंबईतली आणखी दोन उदाहरणेही दिली. उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८०च्या दशकात वापरून पाहिली आणि त्यावर लिहिले. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानांची आवरणे तयार करून ती बटाट्याच्या सालींच्या पट्टीशी ताडून पाहिली गेली आणि २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हींमध्ये मूळ कल्पना एकच होती: जखमेला चिकटणार नाही, तिला ओलसर ठेवील आणि गरिबाला परवडेल असे झाकण. ती साल आणि ते पान स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून, रुग्णालयात धुतलेल्या जखमेवर घातलेले होते. त्याची बातमी गावात पोहोचेपर्यंत “भाजल्यावर बटाटा लावतात” एवढीच उरते, आणि किसलेला कच्चा बटाटा जखमेत जाऊन बसतो. गुरुजींनी कात्रण घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, “म्हणजे उपाय खोटा नव्हता, आम्ही तो अर्धाच ऐकला.” मी नंतर आशाताईंच्या बैठकीत बोलताना हेच वाक्य वापरत आले.

जखमेवर काय लावायचे, हा प्रश्न असा हळूहळू सुटत गेला. वेळेचा प्रश्न मात्र एका रात्रीत अंगावर आला. जवळच्या गावातला पस्तिशीचा माणूस घराला लागलेली आग विझवताना भाजला. नवाच्या नियमाने, म्हणजे डोके, एकेक हात असे शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग धरून, मोजले तर दोन्ही हात आणि छाती-पोटाचा बराच भाग, असे सुमारे ३० टक्के अंग. वजन साठ किलोच्या आसपास. अशा रुग्णाच्या रक्तातले पाणी जखमांवाटे आणि सुजेत निघून जाते, ते रिंगर लॅक्टेट या सलाइनने भरून काढावे लागते, आणि पार्कलंडच्या सूत्राने ते मोजतात: ४ मिलिलिटर गुणिले ६० गुणिले ३०, म्हणजे चोवीस तासांत ७,२०० मिलिलिटर, त्यांतले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे असतात. केसपेपरवर दाखल झाल्याची वेळ होती रात्री साडेअकरा. तिथून आठ तास मोजून ताशी ४५० मिलिलिटरच्या हिशेबाने सलाइन सुरू झाले. थोड्या वेळाने त्याच्या भावाने बोलण्याच्या ओघात सांगितले की आग साडेआठला लागली होती. मधले तीन तास गाडीच्या शोधात आणि दुसऱ्या एका दवाखान्यात गेले होते. म्हणजे ३,६०० मिलिलिटर आठ तासांत नव्हे, तर उरलेल्या पाच तासांत जायला हवे होते, ताशी ७२० मिलिलिटरने. भाऊ बोलला नसता, तर रुग्ण पहाटेपर्यंत तहानलेलाच राहिला असता आणि त्याची किडनी धोक्यात आली असती. आम्ही सलाइनचा वेग वाढवला, लघवी मोजण्यासाठी नळी घातली, आणि १०८च्या रुग्णवाहिकेने त्याला कोल्हापूरला हलवले. तो वाचला. पण एका भावाच्या सहज बोलण्यावर माणसाचे प्राण अवलंबून राहू नयेत, असे मला त्या पहाटे वाटले.

सकाळी मी तालुक्याच्या बाजारात जाऊन रबरी शिक्का करायला टाकला. त्यावर चार ओळी होत्या: भाजल्याची वेळ, पाणी किती मिनिटे ओतले, घरी काय लावले, शरीराचा किती भाग. त्याच्या बाजूला मानवी आकृतीची बाह्यरेषा, पुढून आणि मागून, जी रंगवून भाजलेला भाग दाखवता येतो. मुलांसाठी वेगळा तक्ता छापून भिंतीवर लावला, कारण तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते आणि मोठ्यांचे नऊ टक्के तिथे धरले की हिशेब चुकतो. तातडीच्या कक्षातले भिंतीवरचे घड्याळ कित्येक महिने बंद होते; वॉर्डबॉय मामांनी त्यात सेल घातला. ड्रेसिंगच्या टेबलाऐवजी भाजलेला रुग्ण आधी नळाखाली न्यायचा, हे सर्वांनी मान्य केले, आणि मुलांना गार पाण्यात धरताना बाकीचे अंग कोरड्या चादरीत गुंडाळून ऊबदार ठेवायचे, हे मी प्रत्येक पाळीतल्या सिस्टरला समोर उभे राहून दाखवले. बर्फ नाही, फ्रिजमधले पाणीही नाही; साधे नळाचे पाणी.

अंगठ्या आणि बांगड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. भाजलेला हात काही तासांत सुजतो, आणि मग अंगठी, बांगडी, मुलांचे वाळे, कमरेचा करदोटा ही सगळी आवळणारी कडी होतात. बोटाचा रक्तपुरवठाही थांबू शकतो. म्हणून ते सर्व पहिल्या काही मिनिटांतच काढायचे. हे सांगायला सोपे आहे. एका नवविवाहितेच्या पायावर उकळती आमटी सांडली होती. जोडवी काढायला मी पुढे झाले तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या, कारण सवाष्णीची जोडवी काढणे अशुभ. मी त्यांना म्हटले, “मावशी, तुमच्या हातानं काढा, तुमच्याच कनवटीला ठेवा, आणि बोट बरं झालं की तुमच्याच हातानं घाला.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि स्वतः वाकून जोडवी काढली. तेव्हापासून आम्ही दागिना कधी स्वतः काढत नाही. घरच्या वडीलधाऱ्या बाईला काढायला सांगतो. यात दोन मिनिटे जास्त जातात, पण वाद होत नाही.

सर्वांत अवघड होते ते रुग्णालयाच्या बाहेरचे काम. फोन आला की आमच्याकडून उत्तर जाई, “लगेच घेऊन या.” आता आम्ही सांगू लागलो: आधी पाणी ओता, दुसऱ्या कुणाला तरी १०८ला फोन लावायला सांगा, गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नका, मग धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून आणा. महाराष्ट्रात २०१४पासून धावणाऱ्या या रुग्णवाहिकांमध्ये डॉक्टर असतो, त्यामुळे मोठ्या जखमांचे सलाइन वाटेतच सुरू होऊ शकते, हे गावकऱ्यांना सांगितले की गाडीची वाट पाहायला ते तयार होतात. पण पाण्यावरच अडत असे. “पाणी लावलं की फोड येत्यात,” हा समज आमच्या भागात फार खोल रुजलेला आहे. फोड येतो तो भाजण्याने, आणि पाणी ओतताना तो नजरेसमोर वर येतो, म्हणून दोष पाण्याला लागतो, एवढेच मी सांगत असे. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वस्तीतल्या एका आशाताईंनी विचारले की वीस मिनिटे वाहते पाणी आणायचे कुठून. त्यांचे खरे होते. आम्ही मग घमेल्यात हात धरून तेच पाणी तांब्याने पुन्हा पुन्हा ओतून पाहिले, आणि जिथे तेही जमणार नाही तिथे ओले कापड ठेवून ते दर मिनिटाला बदलायचे ठरवले. वाहत्या पाण्याइतके ते चांगले नाही. पण टूथपेस्टपेक्षा निश्चित चांगले आहे. आणि अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घ्यायचे, मग कढत, हेही आशाताईंनी घरोघर सांगायला घेतले.

पुढच्या हंगामात जानेवारीतल्या एका दुपारी एका गुऱ्हाळावरून फोन आला. काहील उतरवताना पाक हिंदकळला आणि एका तरुणाच्या मनगटापासून कोपरापर्यंत सांडला. गुळाचा पाक उतरवण्याच्या वेळी सुमारे ११५ ते १२० अंशांवर असतो आणि तो पाण्यासारखा ओघळून जात नाही. कातडीला धरून राहतो आणि आपली उष्णता तिला देत राहतो, म्हणून ही जखम नुसत्या पाण्याच्या जखमेपेक्षा खोल जाते. फोनवर मी सांगितले की चिकटलेला गूळ ओढून काढू नका, हात पाण्याखाली धरा, तो आपोआप विरघळेल. पलीकडून उत्तर आले, “धरलाय की सिस्टर. तुमी ते आशाताईंना सांगितलं हुतं न्हवं, तवापासनं हितं पिंपच भरून ठेवलाय.”

तो तरुण पाऊण तासाने आला तेव्हा त्याच्या हातावर ओल्या स्वच्छ धोतराच्या तुकड्याशिवाय काहीही नव्हते. मनगटातला दोरा कापलेला होता. मी कापड उचलले आणि जखम जशी होती तशी समोर दिसली: कोपराकडे लालगुलाबी आणि ओलसर, मनगटाजवळ दोन बोटांएवढी जागा पांढरट. त्या जागेसाठी त्याला पुढे पाठवायचे, हे सरांनी पाहताक्षणी ठरवले. बाकीच्या हाताला जाळी. त्याच्याबरोबर आलेल्या मुलाला मी विचारले, किती वाजता भाजला. त्याने फोन काढला, मला लावलेल्या फोनची वेळ पाहिली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, “दोन वाजून दहा मिनिटांनी. तुमास्नी फोन लावला तवा पाण्यात घालून पाच मिनिटं झालती.” मी शिक्का उमटवला आणि पहिल्या ओळीवर लिहिले: दुपारी २.१०.